परमनंट झाले का, सर?

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर चहाची एक टपरी आहे. तिथे बारा वर्षे मला एकच प्रश्न विचारला गेला: ‘‘परमनंट झाले का, सर?’’ विचारणाऱ्याच्या मनात कुत्सितपणा नसे. पाऊस किती झाला, कापसाला काय भाव निघाला, मोठ्या पोरीचे जमले का, यांच्याच रांगेतला तो प्रश्न होता. उत्तर ठाऊक असूनही तो विचारायचा असतो, कारण न विचारणे हा आमच्याकडे परकेपणा समजतात. ‘‘नाही अजून’’ म्हणून मी कप उचलत असे आणि बोलणे तुरीवर जात असे.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस, पोळा आठवड्यावर आलेला असताना, कार्यालयातल्या मोठ्या बाबूंनी मला बोलावून माझे सेवापुस्तक समोर उघडून ठेवले. पहिल्या पानावर माझ्या बोटांचे ठसे, उंची आणि ‘उजव्या भुवईवर जुना व्रण’ ही ओळखखूण होती. पुढच्या एका पानावर बाबूंच्या वळणदार अक्षरात ताजी नोंद होती, की परिविक्षा कालावधी, म्हणजे नोकरीतली सुरुवातीची चाचणीची मुदत, समाधानकारकरीत्या पूर्ण केल्यामुळे मला सहायक प्राध्यापक या पदावर कायम करण्यात येत आहे. बाबूंनी ओल्या शाईवर फुंकर घातली आणि म्हणाले, ‘‘घ्या. आता कोनी नाई हालवत तुम्हाले.’’ मी पेढे आणले, टपरीवर वाटले, घरी फोन केला. संध्याकाळी गाडीवरून परतताना मात्र एक गोष्ट आठवली आणि त्या दिवसाची चव जरा बदलली. ती गोष्ट पाण्याच्या एका नमुन्याची आहे. पण आधीच्या बारा वर्षांवाचून ती कोणाला नीट कळणार नाही.

मी २०११ मध्ये सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झालो आणि २०१२ पासून तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. पूर्णवेळ पद रिक्त असले, की त्याचा कार्यभार दोन भागांत कापून दोघांना तासांप्रमाणे वाटून द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. जितके तास तितके पैसे. दिवाळीची सुट्टी म्हणजे बिनपैशाची दिवाळी, आणि उन्हाळा म्हणजे बिनपैशाचे तीन महिने. ऑर्डर एका सत्रापुरती असते. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि समोर बसलेली माणसे तीच, जी गेल्या मार्चमध्ये आपल्यासोबत परीक्षेच्या पर्यवेक्षणाला होती. बिल सत्राच्या शेवटी निघाले तरी नशीब समजायचे. बायकोने त्या काळात शिलाई मशीन घेतले. घर तिच्या शिलाईवर चालले, हे मी आज लिहितो. तेव्हा कोणाला सांगत नसे.

बिलात फक्त तास धरतात, पण लहान गावातल्या महाविद्यालयात माणसे मोजकी आणि कामे अपार. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, स्नेहसंमेलनाचा मंडप, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे विद्यापीठात पोहोचवणे, संस्थेच्या कोणा पदाधिकाऱ्याच्या घरच्या लग्नात पाहुण्यांची व्यवस्था; हे सगळे ‘सर, जरा पाहाल का’ या तीन-चार शब्दांत अंगावर येते. नाही म्हणायची मनाई कोणी केलेली नसते. जूनची मुलाखत डोळ्यांसमोर असते, एवढेच. दहा वर्षांत मी एकदाही नाही म्हणालो नाही, आणि दहा वर्षे न वापरलेला शब्द तोंडात गंजतो.

कायम पद मिळायचे तर आधी पद निघावे लागते. २०१७ मध्ये शासनाने भरती थांबवली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ३,५८० पदांना परवानगी मिळाली. २०२० मध्ये कोरोनाच्या खर्चकपातीत ती पुन्हा अडकली. आणि १२ नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयाने २,०८८ पदे भरायला मुभा दिली. हे आकडे आमच्या पिढीच्या तासिकावाल्यांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. पद मंजूर झाले तरी बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षणाचे याची यादी, तपासून यायची, ना हरकत प्रमाणपत्र यायचे, जाहिरातीला विद्यापीठाची मान्यता यायची, मग कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ यांच्या तारखा जुळायच्या. यातला एक कागद अडला, की वर्ष गेले, आणि तेवढ्यात उमेदवाराचे वय काही थांबत नसते.

मी सात ठिकाणी मुलाखती दिल्या. त्यांतल्या एका ठिकाणची सांगतो. मुलाखत उत्तम झाली होती. एका तज्ज्ञांनी माझ्या प्रबंधातल्या आयन-विनिमयाच्या प्रकरणावर खरोखर चांगला प्रश्न विचारला होता. बाहेर आलो तर निंबाच्या सावलीत एक गृहस्थ उभे होते. त्यांनी माझे गाव विचारले, बसने आलो का ते विचारले, आणि अगदी आपुलकीने म्हणाले, ‘‘वावर कितीक हाये तुमच्यापाशी?’’ मी सरळपणे सांगितले, साडेचार एकर, कोरडवाहू. त्यांना एकर नको होते, एकरांची किंमत हवी होती, हे मला बस सुटल्यावर उमजले. घरी मी ही हकिकत विनोद म्हणून सांगितली. बाबा हसले नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी ट्रंकेतून सातबारा काढला आणि काही न बोलता माझ्या खाटेवर आणून ठेवला. मी तो परत ट्रंकेत ठेवला. त्यानंतर आम्हा दोघांत या विषयावर कधी बोलणे झाले नाही.

ज्या संस्थेत मी अखेर लागलो, तिथे मला कोणी काही मागितले नाही. हे लिहिताना मला बरे वाटते, आणि हे मुद्दाम लिहावे लागते याची थोडी लाजही वाटते. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की ज्याचा मी आधी विचारच केला नव्हता. पैसे मोजून लागलेला माणूस निदान हिशेब चुकता झाला असे तरी म्हणू शकतो. मला काहीच मोजावे लागले नाही, म्हणून मी मिंधा झालो. कार्यकारिणीतले कोणी व्हरांड्यातून जाताना दिसले, की मी बसल्या जागेवरून उठत असे; आणि ‘अहो, बसा बसा’ असे ते म्हणाले, की उपकारात आणखी एकाची भर पडल्यासारखे वाटे.

जुलै २०२२ मध्ये रुजू झालो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शैक्षणिक स्तर १०, मूळ वेतन ५७,७००. जुनी पेन्शन नाही, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतरचे आम्ही सगळे नव्या योजनेत. नियुक्तीपत्र हातात पडले म्हणजे पगार सुरू झाला, असेही नसते. विद्यापीठाची वैयक्तिक मान्यता, सहसंचालक कार्यालयाची वेतननिश्चिती आणि शेवटी पगाराच्या ‘सेवार्थ’ प्रणालीत नाव चढणे, एवढ्या पायऱ्या चढून पहिला पगार थकबाकीसह जमा झाला तेव्हा डिसेंबर उजाडला होता. पत्रात परिविक्षेचे चोवीस महिने लिहिलेले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत परिविक्षा किमान एक वर्षाची सांगितली आहे, काम असमाधानकारक असेल तरच आणखी एक वर्ष. आणि कालावधी संपल्यापासून ४५ दिवसांत कायम केल्याचा आदेश देणे संस्थेवर बंधनकारक ठरवले आहे. हे कलम मी छापून टेबलाच्या खणात ठेवले होते. ते कोणाला दाखवायचे धाडस मात्र त्या दोन वर्षांत झाले नाही, आणि खणात ठेवलेल्या नियमाचा उपयोग वाळवीलाच होतो.

परिविक्षेतली कामे तासिकेतल्या कामांपेक्षा वेगळी नव्हती, जास्त होती. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’चे पथक येणार होते, सात निकषांपैकी एक माझ्या गळ्यात पडला. हल्ली प्रत्येक कार्यक्रमाचा पुरावा म्हणून अक्षांश-रेखांश छापलेले छायाचित्र लागते. त्यामुळे वृक्षारोपणात खड्डा कोण खोदतो यापेक्षा मोबाइल कोण धरतो याला महत्त्व आले आहे, आणि माझ्या मोबाइलमध्ये आजही अशी आठशेच्या वर छायाचित्रे पडून आहेत, ज्यांत माझा स्वतःचा चेहरा एकाही ठिकाणी नाही. जून महिना गावोगावी फिरण्याचा असतो. विज्ञान शाखेला मुले कमी झाली, की कार्यभार घटतो, कार्यभार घटला, की पद अतिरिक्त ठरण्याची भीती. म्हणून बारावीची यादी घेऊन आम्ही घराघरांत जातो. भर उन्हात, पेरणीच्या घाईतल्या माणसाला ‘पोरीला बीएस्सीला टाका’ म्हणून सांगायचे, आणि त्याने ‘मंग नोकरी लागते का, सर?’ असे विचारले, की त्याच्याशी खरे बोलावे की आपल्या कार्यभाराशी, हे दारात उभ्या उभ्याच ठरवायचे. याच काळात महिनाभराचा गुरुदक्षता हा प्रवेश-प्रशिक्षण कार्यक्रमही पार पडला. त्यातली दोन व्याख्याने अजून आठवतात, बाकीचा महिना हजेरीत गेला.

एमएस्सीला माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा एक मित्र आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकवतो. त्याच्याकडे ‘टेन्युअर’ची, म्हणजे कायम होण्याची, वाट सहा वर्षांची. रुजू झाल्यावर सहाव्या वर्षी त्याची सगळी फाइल बाहेरच्या विद्यापीठांतल्या, त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडे जाते. ते त्याचे शोधनिबंध वाचतात आणि पत्र लिहितात, की हा माणूस ठेवावा की नाही. नाही ठरले, तर वर्षभरात गाशा गुंडाळायचा. मला ते क्रूर वाटायचे, आणि थोडे वाटतेही. पण तिकडच्या प्राध्यापकांच्या संघटनेचे १९४० चे जे निवेदन आहे, त्यात ही परीक्षेची मुदत सात वर्षांपलीकडे जाऊ नये असे म्हटले आहे, आणि कायमपणाची गरज सांगताना पहिले कारण दिले आहे ते संशोधन आणि अध्यापन यांच्या स्वातंत्र्याचे. पोटापाण्याची निश्चिती त्यानंतर येते. एकदा फोनवर त्याने मला विचारले, ‘‘तुझं काम कोणी वाचलं रे, कायम करताना?’’ मी बराच वेळ आठवत राहिलो. मोजले होते, सगळ्यांनी मोजले होते. विज्ञानाच्या एका शोधनिबंधाला ८ गुण. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्याच्या ७० टक्के. तिघे असतील तर पहिल्याला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. नियतकालिकांची मान्य यादी होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने बंदही केली. तीन दिवसांत निबंध छापून देतो असे निरोप मात्र मोबाइलवर अजून येतात. पण वाचले असे कोणी मला आठवेना. अपवाद एकच, निंबाच्या झाडाआधी भेटलेले ते तज्ज्ञ, आणि तिथे माझी निवड झाली नाही.

आता तो नमुना.

आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. सातपुड्यातून निघून तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. वर काळी कसदार माती आणि खाली खारे पाणी. विहीर खोदली तरी ओलिताला उपयोग नाही, म्हणून शेती पावसावर आणि मग जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा. पिण्यासाठी नळयोजनेचे पाणी येते, पण ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत ज्याला परवडते तो वीस लिटरचा कॅन घेतो. मूतखड्याचा विषय कुठल्याही पारावर निघतो. रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला घराबाहेर पडताच प्रयोगाचा विषय मिळावा, अशी ही जागा आहे.

२०२३ च्या जानेवारीत अंतिम वर्षाच्या मुलांना मी प्रकल्प दिला, की प्रत्येकाने आपल्या गावचे पाणी आणावे आणि त्याची कठिणता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, काढावी. पद्धत जुनी आणि सोपी आहे. पिपेटने ५० मिली पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचे, अमोनियाचे बफर घालायचे, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगसूचकाची चिमूट टाकायची. पाणी द्राक्षाच्या रसासारखे लाल होते. मग ब्युरेटमधून ईडीटीएचे द्रावण थेंब थेंब सोडायचे. ज्या थेंबाला लालाचा निळा होतो, तिथे थांबून आकडा वाचायचा आणि त्याला २० ने गुणायचे. ही झाली लिटरमागे मिलिग्रॅममध्ये कठिणता. भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंत पाणी चांगले, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचे. म्हणजे ब्युरेटचा आकडा ३० मिलीच्या पुढे गेला, की गुणाकार न करताही कळते. खऱ्या आरओचे पाणी दोन-तीन मिलीतच निळे होते.

वीस नमुने आले. त्यांतला अकरावा एका मुलीने गावातल्या प्लँटवरच्या कॅनमधून आणला होता. कॅनवर ‘शुद्ध आरओ’ असे लिहिलेले होते. तो प्लँट आमच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्यांच्या पुतण्याचा, आणि आमच्या स्टाफरूममध्येही त्याचेच कॅन येत. मुलीने टायट्रेशन केले आणि मला हाक मारली. ‘‘सर, हे तं आमच्या बोअरसारखंच हाये.’’ आकडा होता ३४.२. मी म्हणालो, पुन्हा करा. ३४.०. पुन्हा. ३४.२. एवढे जुळणारे आकडे मुलांना एरवी येत नाहीत; मी त्या मुलीच्या हाताचे कौतुक करायला हवे होते. त्याऐवजी मी म्हणालो, ‘‘अकरा नंबर सोडून द्या, बाटली नीट धुतलेली नसावी.’’ न धुतलेल्या बाटलीने ३४ मिली येत नाही, हे तिला कळत होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, पट्टी घेतली आणि रजिस्टरमध्ये ११ समोर एक सरळ आडवी रेघ मारली.

मला कोणी काही सांगितलेले नव्हते. धमकी नव्हती, सूचक बोलणे नव्हते, त्या सदस्यांना असा काही प्रकल्प चालू आहे याचा पत्ताही नव्हता. कदाचित प्लँटचा पाणी गाळणारा पडदाच बदलायचा राहिला असेल आणि सांगितल्यावर त्यांनी तो दुसऱ्या दिवशी बदललाही असता. मी त्यांना तशी संधीच दिली नाही. परिविक्षेचे अठरा महिने शिल्लक होते, आणि मी स्वतःच्या मनातल्या मनात सगळ्यांच्या वतीने निर्णय देऊन मोकळा झालो. कायम झालो की सांगू, असे मी तेव्हा स्वतःला म्हटले होते. पेढ्यांच्या संध्याकाळी गाडीवर आठवले ते हे.

कायम झाल्यावर वर्ष गेले, तरी सांगितले नाही. कारण हातात तयार होते. पीएच.डी. असल्याने माझी चार वर्षे २०२६ मध्ये पूर्ण होतात, मग स्तर ११ ची फाइल, ६८,९००. ती मार्गी लागली की बोलू. आणि मग स्तर १२. मोठ्या बाबूंच्या म्हणण्याप्रमाणे मला कोणी हलवू शकत नव्हते हे खरे, पण मी बसल्या जागेवरून उठायचेही विसरलो होतो.

या वर्षी आमच्या विभागात तासिकेवर एक मॅडम आल्या आहेत. नेट झालेल्या, रोज बसने चाळीस किलोमीटर येऊन-जाऊन करतात. कामांचे वाटप आता माझ्याकडे आहे, त्यामुळे छायाचित्रांचे काम मी त्यांना सांगितले. माझे वाक्य पुरे होण्याआधीच त्या ‘हो, सर’ म्हणाल्या. तो ‘हो’ मला ओळखीचा वाटला, आणि आपण तो आता दुसऱ्या बाजूने ऐकतो आहोत हे जाणवून अस्वस्थही वाटले. ऑक्टोबरमध्ये पाण्याचा प्रकल्प पुन्हा लावला, तेव्हा नमुन्यांची यादी त्यांनीच केली. नीटनेटकी यादी होती, विहिरी, बोअर, नळ, नदी. मी विचारले, ‘‘आणि कॅनचे पाणी?’’

‘‘ते घेतले नाही, सर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या जुन्या रजिस्टरमध्ये तिथे रेघ आहे ना.’’

मी स्टाफरूममध्ये गेलो आणि कॅनची तोटी उघडून एक बाटली भरून आणली. बाटली आधी तीनदा त्याच पाण्याने विसळली, मॅडमच्या देखत. ५० मिली घेतले, बफर घातले, चिमूट टाकली. तीन मिलीला लाल होते, दहाला लाल होते, वीसला लाल होते. प्रयोगशाळेतले काका हातातले काम टाकून पाहायला आले. तिशी ओलांडली तेव्हा मी तोटी अगदी बारीक केली आणि एकेक थेंब मोजू लागलो. ३३.६ ला निळे झाले.

‘‘लिहा,’’ मी म्हणालो.

मॅडमनी रजिस्टर उघडले, नमुना क्रमांकाच्या रकान्यावर बोट ठेवले, आणि मग ते तसेच वळवून माझ्यापुढे सरकवले. पेनाचे टोपण काढून पेन वर ठेवले. ‘‘तुम्हीच लिहा, सर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझी ऑर्डर मार्चपर्यंतचीच आहे.’’